कंटाळ्याची कैफियत

‘डूकी’ची बाजू घेतली की हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं : तुमचं तारुण्य सरलं, त्याची हळहळ तुम्ही त्या गाण्यांवर काढताय, अल्बममध्ये तसं काही नाही. म्हणणारा बहुधा जाणकार असतो. त्याने भरपूर ऐकलेलं असतं, आणि एवढं बोलून वाद मिटला असं समजून तो चहाकडे वळतो. त्याला परत बोलवायचंय.

ग्रीन डे हा कॅलिफोर्नियाच्या ईस्ट बे भागातल्या तिघांचा बँड. गिटार आणि गळा बिली जो आर्मस्ट्राँगचा, बेस माइक डर्न्टचा, ड्रम्स ट्रे कूलचे. १ फेब्रुवारी १९९४ रोजी ‘डूकी’ आला तेव्हा तिघेही एकवीस वर्षांचे होते. चौदा गाणी, शेवटी लपवून ठेवलेलं एक पंधरावं, आणि सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या, १९९५ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि तोवर तळघरांत नि गोदामांत घाम गाळणारा पंक नावाचा प्रकार शाळकरी पोरांच्या वॉकमनमध्ये जाऊन बसला. २०२४ मध्ये अल्बमला तीस वर्षं झाली तेव्हा बँडने स्टेडियममागून स्टेडियम तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवला. त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव घातलं. विष्ठेसाठी वापरायचा पोरकट शब्द नाव म्हणून मिरवणाऱ्या अल्बमला सरकारी शिक्का! पूर्वपक्षाला चेव येणं साहजिक आहे.

या पूर्वपक्षाचे आक्षेप तीन. यांनी पंक विकला, हा सर्वांत जुना, अल्बम यायच्या आधीपासूनचा. सगळा पोरकटपणा आहे, हा दुसरा. आणि तिसरा वर सांगितला तो, स्मरणरंजनाचा. पहिले दोन तावातावाने बोलले जातात, तिसरा समजूतदार आवाजात. म्हणून आधी तिसराच घेऊ.

त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आठवणींचा बाजार मोठा आहे. २०२२ पासून लास व्हेगासला ‘व्हेन वी वर यंग’ नावाचा महोत्सव भरतो. नावातच सगळं आलं. तिथे चाळिशी गाठलेले लोक काळे टी-शर्ट आणि चौकटीचे बूट घालून आपल्या विशीला भेटायला जातात. किशोरवयात कानावर पडलेलं संगीत आयुष्यभर चिकटून राहतं, हे मानसशास्त्रज्ञही सांगतात. माझ्या पिढीने ही गाणी केबल टीव्हीवर आणि एकमेकांकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटींवर ऐकली. त्या कॅसेटची घरघर मला गाण्यापेक्षा जास्त आठवते, हे कबूल. पण यातून पंचेचाळिशीच्या माणसाचे डोळे का पाणावतात एवढंच कळतं. ज्या गाण्यांनी ते पाणावले त्या गाण्यांत काय आहे, हे कळत नाही. ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीवरून कृतीची किंमत ठरवायची तर ज्ञानेश्वरीचीही वारीतल्या आठवणींवरून ठरवावी लागेल.

खरं स्मरणरंजन कसं असतं ते बघायला फार लांब जायला नको. ब्रायन अ‍ॅडम्सचं ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’ भारतातल्या एकाही कॉलेजच्या स्नेहसंमेलनाने सोडलेलं नाही. १९८४ साली आलेल्या त्या गाण्यात माणूस मागे वळून बघतो आणि ते दिवस सर्वांत छान होते असं ठरवतो. गिटार, मित्र, प्रेयसी, उन्हाळा, सगळ्याला मधाचा रंग. आता ‘डूकी’ लावा. पहिलंच गाणं ‘बर्नआउट’. ड्रम्सचा एक तडाखा बसतो न बसतो तोच आर्मस्ट्राँग गायला लागतो, आणि काय गातो? की आपल्याला आता कशाचंच काही वाटत नाही, आपण विझलोय. वय एकवीस. पुढे ‘लाँगव्ह्यू’मध्ये एक पोरगा सोफ्यावर पडून आहे. टीव्हीवर बघण्यासारखं काही नाही, नोकरी नाही, घराबाहेर पडायची इच्छा नाही, आणि एकट्याने करायच्या उद्योगालाही आता कंटाळलाय. ‘बास्केट केस’मधल्याला आपण वेडे होतोय की नुसतेच नशेत आहोत तेच कळत नाही. ‘वेलकम टू पॅरडाइज’ घर सोडलेल्या मुलाने आईला उद्देशून म्हटलेलं गाणं. आर्मस्ट्राँग वेस्ट ओकलंडमध्ये ज्या पडीक गोदामात पोरांच्या टोळक्याबरोबर राहत होता, तिथलं ते. सुरुवातीला त्या वस्तीची भीती वाटते, मग हळूहळू तीच आपली वाटायला लागते. शीर्षकातला स्वर्ग हा तो उकिरडा.

यात हळहळण्यासारखं काय आहे? कोणाला परत जायचंय त्या सोफ्यावर?

हा अल्बम तारुण्याकडे मागे वळून बघतच नाही. तारुण्याच्या आत बसून तो कुरकुरतो. त्याच्या पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, ब्लिंक-१८२ या सॅन दिएगोकडच्या बँडचा ‘एनिमा ऑफ द स्टेट’ आला. पॉप-पंकचं नाव काढलं की लोक हे दोन्ही अल्बम एका दमात घेतात. ब्लिंकचा निर्माता जेरी फिन याचं नाव ‘डूकी’च्या मिश्रणाच्या कामातच पहिल्यांदा ठळक झालं होतं, म्हणजे नातं घरातलंच. पण ब्लिंकच्या एका गाजलेल्या गाण्यात तेवीस वर्षांचा नायक मोठा व्हायला नकार देतो, आणि ते गाणारा मार्क हॉपस तेव्हा सत्तावीसचा होता. तिथे हातातून निसटणारं वय धरून ठेवायची धडपड आहे. ते गाणं मला आवडतं, फार आवडतं; पण स्मरणरंजनाचा आरोप करायचाच असेल तर पत्ता तो आहे. ‘डूकी’तल्या पोराला वय धरून ठेवायचं नाहीय, त्याला ते कधी एकदा संपतंय असं झालंय.

आता विकले गेल्याची गोष्ट.

बर्कलीत गिलमन स्ट्रीटवर ९२४ क्रमांकाची एक जागा आहे. १९८६ च्या शेवटच्या दिवशी ती सुरू झाली. स्वयंसेवक चालवतात, कोणत्याही वयाच्या मुलांना प्रवेश, दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष आणि समलिंगींचा द्वेष चालणार नाही, असे नियम भिंतीवर लिहिलेले. ग्रीन डे तिथेच वाढला. आणखी एक नियम होता : मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवता येणार नाही. १९९३ मध्ये ग्रीन डेने वॉर्नरच्या रिप्राइज या शाखेशी करार केला आणि दार बंद झालं. स्वच्छतागृहाच्या भिंतीवर आर्मस्ट्राँगच्या मरणाची मागणी कोणीतरी लिहिली. ज्या पोराने दहाव्या वर्षी बाप कॅन्सरने गमावला, ज्याची आई हॉटेलात ताटं वाहून सहा मुलं वाढवत होती, ज्याने अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शाळा सोडली, त्याला तीच जागा घर होती. त्या घराने त्याला हाकललं, आणि १९९५ च्या ‘इन्सोम्निअ‍ॅक’मधल्या ‘एटी-सिक्स’ या गाण्यात तो घाव उघडा पडलाय.

गिलमनचा नियम मला पटतो, हे इथेच सांगून टाकतो. दोनेकशे मुलांच्या त्या जागेत गाजलेला बँड आला असता तर दारावर हजारो जण आले असते, पोलीस आले असते, आणि पुढच्या शनिवारी पहिल्यांदाच वाजवणाऱ्या चार पोरांना विचारायला कोणी उरलं नसतं. छोट्या जागेने आपली राखण करावी, तो तिचा हक्क. पण जागेने स्वतःपुरता केलेला नियम हा संगीताच्या मूल्यमापनाचा निकष कधी झाला? कट्टरांनी नेमकं ते केलं. करार केला म्हणून गाणी खोटी! याच गाण्यांतलं ‘वेलकम टू पॅरडाइज’ तर आधीच्या ‘करप्लंक’ या अल्बमवर, लुकआउट या छोट्या स्वतंत्र कंपनीकडून येऊन गेलं होतं. तेव्हा ते अस्सल होतं. रिप्राइजसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केल्यावर तेच शब्द, तीच चाल नकली कशी ठरली, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

आणि छोटं ते सोवळं, मोठं ते ओवळं, ही वाटणीही टिकत नाही. लुकआउट कंपनी पुढे कितीतरी वर्षं ग्रीन डेच्या पहिल्या दोन अल्बमच्या विक्रीवर चालली, आणि २००५ मध्ये थकलेल्या मानधनापायी बँडला ते अल्बम तिच्याकडून काढून घ्यावे लागले. मागे जायचं म्हटलं तर पंकची मूळपीठंही मोठ्यांच्याच दारात उभी होती. सेक्स पिस्टल्सने १९७६ मध्ये ईएमआयशी करार केला, द क्लॅशने १९७७ च्या जानेवारीत सीबीएसशी. पॉप मिसळून पंक पातळ केला, हा आरोपही तसाच. रामोन्स साठीच्या दशकातल्या मुलींच्या गायनगटांवर जीव टाकायचे, आणि १९८० मध्ये आलेल्या आपल्या अल्बमसाठी त्यांनी त्याच गटांचा निर्माता फिल स्पेक्टर यालाच घेतलं. मँचेस्टरचे बझकॉक्स १९७८ मध्ये तीन मिनिटांत फसलेल्या प्रेमाची अशी गोड गाणी करत होते की ती आजही शिळी झालेली नाहीत. गोडवा पंकच्या घरात पहिल्या दिवसापासून आहे. ग्रीन डेने बाहेरून साखर आणून टाकली नाही.

आपल्याकडे हे भांडण अनोळखी नाही. साठच्या दशकात लघुनियतकालिकवाल्यांनी प्रस्थापितांवर जी आग पाखडली ती याच जातीची. त्याच गोटातल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनी या पुण्याच्या नावाजलेल्या प्रकाशनाने काढली. म्हणून त्या कादंबरीच्या नायकाचा, पांडुरंग सांगवीकरचा, कंटाळा खोटा ठरला, असं कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कंटाळा खरा आहे की नाही ते पानं उलटून बघायचं असतं, मुखपृष्ठावरच्या प्रकाशकाच्या नावावरून नव्हे.

पोरकटपणाचं काय? तो आहे. भरपूर आहे. नावापासून आहे. लपवलेलं शेवटचं गाणं ट्रे कूलने एकट्याने केलेला चावटपणा आहे, आणि मी ते दुसऱ्यांदा ऐकायच्या भानगडीत पडत नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या पंचविशीनिमित्त भरलेल्या महोत्सवात पाऊस पडून चिखल झाला होता. प्रेक्षकांनी तो बँडवर फेकला, बँडने परत फेकला, आणि त्या धुमश्चक्रीत एका सुरक्षारक्षकाने माइक डर्न्टलाच घुसखोर प्रेक्षक समजून आडवा पाडला. डर्न्टचे दात गेले. टीव्हीवर लाखोंनी हे पाहिलं आणि अल्बमचा खप आणखी वाढला. गंभीर श्रोत्याने नाक मुरडायला एवढं पुरे.

पण हे सगळं वेष्टण झालं. आत बघा. ‘बास्केट केस’ लिहिताना आर्मस्ट्राँगला भीतीचे झटके यायचे, आणि हा आजार आहे, त्याला नाव आहे, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. गाण्यातला मुलगा आधी मानसोपचाराला जातो, मग देहविक्रय करणाऱ्या व्यक्तीकडे, आणि या दुसऱ्या माणसासाठी आर्मस्ट्राँग पुल्लिंगी सर्वनाम वापरतो. त्या वर्षी अमेरिकेतल्या लाखो बारा-चौदा वर्षांच्या मुलांनी ते मोठमोठ्याने म्हटलं, कित्येकांनी लक्षही न देता. ‘कमिंग क्लीन’ हे दीड मिनिटाचं गाणं तर सरळसरळ स्वतःच्या लैंगिक ओळखीबद्दल आहे : कोवळ्या वयात स्वतःशी कबूल केलेली आणि आईबापांना न कळलेली गोष्ट. १९९५ च्या जानेवारीत ‘द अ‍ॅडव्होकेट’ या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत आर्मस्ट्राँगने आपण उभयलैंगिक आहोत हे उघड सांगितलं. त्याआधी, अल्बम नुकता पेटलेला असताना, त्यांनी दौऱ्यावर पहिली पाळी कोणाला दिली? पॅन्सी डिव्हिजन या सॅन फ्रान्सिस्कोच्या समलिंगी पंक बँडला. समोर खेळाच्या मैदानातून उचलून आणल्यासारखी दांडगी पोरं, आणि व्यासपीठावर पुरुषांच्या पुरुषांवरच्या प्रेमाची मिस्कील गाणी. पोरकट माणसाला हे सुचत नाही, आणि सुचलं तरी कमाईचा धोका पत्करून करवत नाही.

त्या काळातलं बाकीचं वजनदार संगीत आठवा. सिअ‍ॅटलकडचा ग्रंज सगळीकडे घुमत होता : संथ, जड, ढगाळ. ‘डूकी’ आल्यानंतर दोनेक महिन्यांत ग्रंजचा नायक कर्ट कोबेन गेला. दुःख असेल तर ते मंद लयीत आणि खर्जात हवं, असा एक अलिखित दंडकच झाला होता. ग्रीन डेने तेच दुःख दुप्पट लयीत वाजवलं आणि वर विनोद केला. भित्र्या मुलाचं गाणं ऐकून मुलं उड्या मारायला लागली. काही जाणत्यांना हा थिल्लरपणा वाटला. मला वाटतं, सतरा वर्षांच्या मुलाची भीती अशीच असते : हृदय धडधडतंय, आणि तो मित्रांना हसवतोय.

संगीताकडे मुद्दाम सावकाश येतोय, कारण विरोधक तिथे फार थांबतच नाहीत. तीन सूर आणि आरडाओरडा, एवढ्यात उरकतात. पंक गिटारवर जो पॉवर कॉर्ड वाजतो त्यात षड्ज आणि पंचम असतात, गंधार नसतो. आपल्या तानपुऱ्याची जोडी सांगतोय असं कोणाला वाटेल, पण आहे तसंच. गंधार नाही म्हणजे भाव ठरलेला नाही : शुद्ध गंधार लावला तर उजळ, कोमल लावला तर उदास. गिटार नुसती भिंत उभी करते. भाव ठरवायचं काम गळ्यावर येतं, आणि आर्मस्ट्राँगच्या चाली ते काम चोख करतात. एवढ्या गोंगाटात शब्द न कळताही चाल पाठ होते ती त्यामुळे. ‘बास्केट केस’च्या स्वरसंगतींचा क्रम तर सतराव्या शतकातल्या पाखेलबेल या जर्मन संगीतकाराच्या ‘कॅनन’शी जवळपास जुळतो, लग्नसमारंभांतून वाजणारी ती प्रसिद्ध रचना. क्रम जुना, सोज्वळ. त्यावर थरथरत्या मुलाची बडबड. सुरुवातीला फक्त गळा आणि तारांवर तळहात दाबून वाजवलेली गिटार, खुट् खुट् खुट्, ड्रम्स नाहीत. मुलगा आपली तक्रार ऐकायला तुमच्याकडे वेळ आहे का विचारतो. मग बेस आणि ड्रम्स घुसतात, तुम्हाला हो म्हणायची सवडही मिळत नाही.

‘लाँगव्ह्यू’ची बांधणी आणखी धूर्त आहे. ट्रे कूल ढोलांवर एक झोके घेणारी लय धरतो, माइक डर्न्टचा बेस त्यावर रेंगाळत चालतो, आणि कडवंभर गिटार गप्प असते. कंटाळलेल्या घरातली दुपार अशीच असते. काहीतरी चालू असतं, घडत काही नसतं. धृपदाला गिटार एकदम फुटते, मुलगा ओरडतो, आणि पुन्हा सगळं त्या रेंगाळण्यात परत. कंटाळ्यावर गाणं लिहायचं आणि ते कंटाळवाणं होऊ द्यायचं नाही, हे किती अवघड आहे ते लिहिणाऱ्यांनी तरी ओळखायला हवं. हा अल्बम बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत, रॉब कावालोच्या हाताखाली, सुमारे तीन आठवड्यांत झाला. भाबडेपणाने झाला असं समजू नका. त्याच्या मागे वर्षानुवर्षांचे फेरे होते. एका दौऱ्यावर तर ट्रे कूलच्या वडिलांनी फिरत्या वाचनालयाची जुनी गाडी दुरुस्त करून घेतली आणि स्वतः चालवत बँडला देशभर फिरवलं.

कॅलिफोर्नियाचा मुलगा इंग्लंडमधल्यासारखे उच्चार काढून गातो, याची चेष्टा झाली, ती रास्त आहे. आणखीही काही कबूल करतो. ‘हॅविंग अ ब्लास्ट’मधला मुलगा अंगाला स्फोटकं बांधून स्वतःसकट सगळ्यांना उडवायची स्वप्नं बघतो. १९९४ मध्ये तो संतापाचा अतिरेक वाटून गेला. नंतर अमेरिकी शाळांत जे घडत गेलं ते पाहता आज ते गाणं सहज ऐकवत नाही, आणि ऐकवावंही नाही. अल्बमच्या उत्तरार्धात एक-दोन गाणी नुसती भरीची आहेत. ‘शी’ सोडलं तर मुलींच्या वाट्याला फारसं काही आलेलं नाही. ‘शी’मध्ये मात्र गाणारा तिला उपदेश करत नाही, तू ओरड, मी ऐकतो, एवढंच म्हणतो. एकवीस वर्षांच्या मुलाकडून त्या काळी हे पुष्कळ होतं.

मंडनाचा मुद्दा यातूनच येतो. तरुणांना ‘डूकी’ का भावतो, तर त्यात तारुण्याची स्तुती नाही म्हणून. मोठी माणसं तरुणांपुढे तारुण्याचं जे चित्र ठेवतात, उमेद, स्वप्नं, वाऱ्यावर उडणारे केस, ते प्रत्यक्ष तरुण माणसाला खोटं वाटतं, कारण त्याचा बराचसा वेळ वाट बघण्यात जातो. निकालाची वाट, कॉलेज सुटायची वाट, कोणीतरी फोन करेल याची वाट, नोकरीच्या पत्राची वाट. हातात ताकद आहे आणि ती लावायला जागा नाही. ‘डूकी’ या अवस्थेला नाव न देता तिला वेग देतो. आणि वर सांगतो, तुलाही हे येईल. दोन बोटांची पकड, तीनेक कॉर्ड, उजव्या हाताचे खाली मारायचे फटके. स्वस्तातल्या गिटारवर महिन्या-दोन महिन्यांत ‘व्हेन आय कम अराउंड’ जमतं, कारण त्याची लय शांत आहे आणि चार संगतींवर ते बहुतेक फिरतं. खुद्द आर्मस्ट्राँगची निळी, स्टिकरांनी भरलेली गिटार आईने तो दहा-अकरा वर्षांचा असताना घेऊन दिलेली होती. तीच घेऊन तो पुढे जगभर वाजवत फिरला. ज्या संगीतात ऐकणारा आणि वाजवणारा यांत एवढं कमी अंतर आहे, ते दर पिढीत नव्याने सुरू होतं. त्याला आठवणींची गरज लागत नाही.

पुरावा हवा असेल तर मार्च २०२५ ची मुंबई घ्या. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापालूझा महोत्सवात ग्रीन डे भारतात पहिल्यांदा वाजवून गेला. माझ्या वयाचे होतेच, पोट सावरत, गुडघे जपत. पण ‘बास्केट केस’ सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारी शब्दन् शब्द म्हणणारी मुलं अल्बम आला त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेली असावीत. त्यांतल्या एकाला विचारलं, कुठून ऐकलंस हे? म्हणाला, मोठ्या भावाने गिटार विकायला काढली होती, मी म्हटलं मला शिकव, तर त्याने आधी हेच शिकवलं. मग त्याने मला विचारलं, काका, तुम्ही पण वाजवता का? या मुलाला १९९४ आठवत नाही. त्याला जे मिळालं ते गाण्यातूनच मिळालं.

स्मरणरंजनवाल्यांचा एक शेवटचा युक्तिवाद उरतो, की बँड स्वतःच आता आठवणी विकतोय. विकतोय की. २०२३ मध्ये तिशीच्या निमित्ताने मोठी पेटी काढली : घरी केलेली कच्ची मुद्रणं, गाळलेली गाणी, वुडस्टॉक आणि बार्सिलोनाचे प्रत्यक्ष कार्यक्रम, आणि सोबत नावाला जागून कुत्र्याची घाण उचलायच्या पिशव्या. पुढच्या वर्षी तर अल्बममधलं एकेक गाणं एकेका कालबाह्य वस्तूवर चढवलं. एक मेणाच्या नळीवर, एक गेम बॉयच्या कार्ट्रिजवर, एक दात घासायच्या ब्रशमध्ये, आणि ‘बास्केट केस’ भिंतीवर लटकवायच्या त्या गाणाऱ्या रबरी माशाच्या तोंडी. यातला दुसरा प्रकार मला आवडला, कारण स्मरणरंजनाची इतकी खिल्ली त्याच्या विरोधकांनीही उडवलेली नाही. पहिला मी घेतला नाही. कच्ची मुद्रणं अभ्यासकांसाठी ठीक आहेत, कार्यक्रमांची मुद्रणं चाहत्यांसाठी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मूळ चौदा गाणी घ्यावीत, ‘हॅविंग अ ब्लास्ट’ हवं तर गाळावं, आणि चौदावं संपलं की थोड्या शांततेनंतर जे पंधरावं सुरू होतं त्याच्या आधी बंद करावं.